प्लेडेट, आर्डुबॉय की स्टीम डेक? छंद म्हणून गेम लिहायचाय, काय घेऊ?

नमस्कार,

मी बॅकएंडचं काम करतो, बहुतेक जावामध्ये. दिवसभर दुसऱ्यांच्या सिस्टिम सांभाळून झाल्यावर रात्री स्वतःचं काहीतरी लहानसं, हातात धरून खेळता येईल असं करावं, हे फार दिवसांपासून मनात आहे. गेमची कल्पना पक्की आहे: एका उंच इमारतीतली लिफ्ट चालवायची आणि माणसांना ज्याच्या त्याच्या मजल्यावर वेळेत पोचवायचं. उशीर झाला की लोक चिडतात. चित्रकला मला अजिबात येत नाही. आठवड्याला जेमतेम पाच-सहा तास मिळतात. हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचं यंत्र, घ्यायचं ठरवलंय, पण प्लेडेट, आर्डुबॉय आणि स्टीम डेक यांच्यात घुटमळतोय. तुलनेचे तक्ते वाचून वाचून पाठ झालेत. मित्र म्हणतो, स्टीम डेक घे, त्यावर सगळंच चालतं. शिवाय घरात निन्टेन्डो स्विच आहेच, मग त्यावरच का लिहू नये? गेम चार लोकांनी खेळावा एवढीच इच्छा आहे, विकला गेला तर आनंदच. काय घेऊ?

— एक वाचक

प्रिय वाचक,

आधी उत्तर सांगून टाकते: प्लेडेट घ्या, पण आज नको. आज फक्त त्याचा एसडीके, म्हणजे गेम लिहायची साधनं, उतरवून घ्या. तो फुकट आहे आणि त्यातला सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर चालणारं नकली प्लेडेट, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. तुमची लिफ्ट वर-खाली जायला लागली, दार उघडायला लागलं, दोन-चार माणसं चढली-उतरली, की मग यंत्राची ऑर्डर द्या.

तुमच्या पत्रातल्या दोन वाक्यांवरून मी हे ठरवलं. एक, चित्रकला येत नाही. दोन, आठवड्याला पाच-सहा तास. तुम्ही पाठ केलेले तक्ते खेळणाऱ्यांसाठी बनवलेले असतात. त्यात प्रोसेसर, रॅम, बॅटरी, स्क्रीनचा रिफ्रेश रेट असतो. फावल्या वेळात गेम लिहिणाऱ्याला त्यातलं फारच थोडं कामाचं. त्याने बघायचं ते हे, की या यंत्राच्या मर्यादेमुळे माझ्या डोक्यावरचं कुठलं काम उतरतं. एकट्या माणसाचे बहुतेक गेम अर्धवट राहतात ते यंत्र हळू होतं म्हणून राहत नाहीत. चित्रं, ॲनिमेशन, आवाज, मेनू, सेटिंग यांचा डोंगर उभा राहतो आणि आठवड्याचे सहा तास त्यातच जिरतात. म्हणून तुमचा हाच लिफ्टचा गेम घेऊन आपण एकेका यंत्रावर जाऊन बघू.

आर्डुबॉय. क्रेडिट कार्डाएवढं यंत्र, २०१५ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर आलेलं. आत एटीमेगा ३२ यू ४ ही आठ बिटांची चिप, १६ मेगाहर्ट्झवर चालणारी. प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट फ्लॅश, त्यातले काही बूटलोडर, म्हणजे नवा गेम आत घेणारा छोटा प्रोग्राम, खातो. रॅम अडीच किलोबाइट, म्हणजे २,५६० बाइट. स्क्रीन १२८ गुणिले ६४ पिक्सेलचा, फक्त काळा-पांढरा. आता हिशोब करा. एका पिक्सेलला एक बिट धरला तर पूर्ण स्क्रीनचं चित्र मेमरीत ठेवायला १,०२४ बाइट लागतात. म्हणजे तुम्ही एकही ओळ लिहिण्याआधी चाळीस टक्के रॅम गेली. उरलेल्या १,५३६ बाइटांत तुमचे सगळे व्हेरिएबल आणि स्टॅक, म्हणजे फंक्शनांची तात्पुरती जागा. स्टॅक वाढत जाऊन व्हेरिएबलवर चढला तर कुठलंही एक्सेप्शन येणार नाही, कुणी तुम्हाला सांगणार नाही. लिफ्ट अचानक नसलेल्या मजल्यावर दिसेल एवढंच.

जावातून येणाऱ्याला इथे आणखी दोन ठिकाणी ठेच लागते. या चिपवर साधा इंट, म्हणजे पूर्णांक, १६ बिटांचा असतो, त्यामुळे स्कोअर ३२,७६७ च्या पुढे गेला की उणे होतो. आणि कोडमध्ये अवतरणात लिहिलेला प्रत्येक मजकूर, तुम्ही मुद्दाम फ्लॅशमध्ये ठेवायला सांगितलं नाही तर, रॅममध्ये जाऊन बसतो. 'दार उघडत आहे' यासारख्या दहा-बारा सूचना लिहिल्यात तर तेवढ्यानेच मेमरी आटायला लागते.

हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. मला हे यंत्र मनापासून आवडतं. प्रत्येक प्रवासी कुठून कुठे जातोय हे तुम्ही एका बाइटमध्ये बसवू शकता, चार बिट चढण्याचा मजला, चार बिट उतरण्याचा. असा विचार करायला लागलं की प्रोग्रामिंगचा जो आनंद मोठ्या फ्रेमवर्कखाली दबून गेलेला असतो तो परत मिळतो. आर्डुइनोची आयडीई (कोड लिहायचा प्रोग्राम), सी प्लस प्लस, एक यूएसबी केबल, अपलोड दाबलं की काही सेकंदांत गेम हातात. मध्ये कुठलंही खातं नाही, परवानगी नाही. तुम्ही लिहिलेलं सगळं तुम्हाला शेवटच्या बाइटपर्यंत समजलेलं असतं, आणि हे आजच्या कुठल्याही मोठ्या यंत्राबद्दल म्हणता येत नाही.

पण तुमच्या गेमसाठी ६४ पिक्सेल उंची फार अपुरी आहे. माणूस ओळखू येण्यासाठी मजला निदान १६ पिक्सेलचा हवा, म्हणजे एका वेळी चारच मजले दिसणार. उंच इमारतीची सगळी गंमत वरखाली काय चाललंय ते दिसण्यात आहे: बाराव्या मजल्यावर गर्दी वाढतेय आणि आपण तळमजल्यावर अडकलोय. ती चार मजल्यांच्या खिडकीतून येत नाही. बाजूला सगळ्या इमारतीचा छोटा नकाशा काढून हे थोडंफार सावरता येईल, पण मग गेमच्या रचनेशी झगडण्यात वेळ जाईल. आर्डुबॉय दुसऱ्या गेमसाठी ठेवा.

प्लेडेट. पोर्टलंडच्या पॅनिक या कंपनीने हे २०१९ मध्ये जाहीर केलं आणि २०२२ मध्ये लोकांच्या हातात दिलं. स्क्रीन हाही काळा-पांढराच, मधला करडा रंग नाही, पण ४०० गुणिले २४० पिक्सेलचा. तुमच्या लिफ्टला ४० पिक्सेलचा एक मजला धरला तर सहा मजले सुटसुटीत दिसतात, आणि बाजूला अख्ख्या इमारतीची पट्टी काढायलाही भरपूर रुंदी उरते. रॅम १६ मेगाबाइट, म्हणजे आर्डुबॉयच्या सहा हजार पटींहून जास्त. तिथली बाइटाबाइटाची चिंता इथे करायची गरज नाही. भाषा लुआ किंवा सी. लुआ तुम्हाला आठवडाभरात हाताशी येईल. गेमचा सगळा डोलारा एका अपडेट फंक्शनवर उभा असतो, ते एरवी सेकंदाला ३० वेळा बोलावलं जातं, वाढवून ५० पर्यंत नेता येतं.

आणि उजव्या कडेला ती दुमडणारी दांडी, क्रँक. तुम्ही लिफ्ट सुचवलीत तेव्हाच माझ्या डोक्यात ही दांडी फिरायला लागली. दांडी फिरवली की लिफ्ट वर, उलटी फिरवली की खाली. कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

मात्र हे जेवढं सोपं वाटतं तेवढं नाही, म्हणून इथे जरा थांबते. एका फेऱ्याला एक मजला ठेवलात तर वीस मजल्यांना वीस फेरे होतील आणि दोन मिनिटांत मनगट भरून येईल. पाव फेऱ्याला एक मजला ठेवलात तर लिफ्ट नेमकी दारासमोर थांबवणं जमणार नाही, सारखी पुढे निसटेल. एसडीकेमध्ये याची सोय आहे: दांडी किती अंश फिरली हे विचारणारं फंक्शन दोन आकडे परत देतं, एक सरळ आणि दुसरा वेगानुसार वाढवलेला. जोरात फिरवलं तर जास्त, हळू फिरवलं तर नेमकं. लिफ्टसाठी दुसरा आकडा वापरून बघा.

दुसरी गोष्ट हाताची. दांडी उजव्या हाताने फिरवायची आणि ए, बी ही बटणंही उजवीकडेच. दांडी फिरवता फिरवता ती दाबता येत नाहीत. दार उघडायचं बटण जर ए वर ठेवलंत तर खेळणाऱ्याला दर मजल्यावर दांडी सोडून बोट हलवावं लागेल आणि लय तुटेल. दार डावीकडच्या डी-पॅडवर, म्हणजे दिशांच्या बटणावर, ठेवा. सिम्युलेटरमध्ये माउसने दांडी फिरवताना ही अडचण जाणवतच नाही, आणि शेवटी खरं यंत्र हातात का हवं याचं कारण हेच. तसंच वेगाचं. सिम्युलेटर तुमच्या संगणकाच्या ताकदीवर धावतो, यंत्रातली चिप त्यामानाने अगदी लहान आहे. अपडेटमध्ये दर फ्रेमला नवनवीन टेबलं (लुआमधले माहितीचे संच) तयार करत गेलात तर संगणकावर काहीच कळणार नाही, यंत्रावर मात्र नको असलेली मेमरी मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर मध्येच जागा होऊन लिफ्टला हिसका देईल. जावा लिहिणाऱ्याला हे दुखणं ओळखीचं असेल. उपायही तोच: एकदा बनवलेल्या वस्तू पुन्हा पुन्हा वापरा.

आणखी एक, फक्त काळ्या-पांढऱ्या स्क्रीनवरच भेटणारी अडचण. करडा रंग हवा म्हणून आपण बुद्धिबळाच्या पटासारखी एक काळा एक पांढरा ठिपक्यांची जाळी भरतो. लिफ्टचा आतला भाग असा भरलात आणि लिफ्ट एकेक पिक्सेल सरकवलीत, तर दर फ्रेमला आतला प्रत्येक काळा ठिपका पांढरा होतो आणि पांढरा काळा, आणि अख्खी लिफ्ट लुकलुकते. दोन-दोन पिक्सेलनी सरकवा, नाहीतर हलणाऱ्या गोष्टी सरळ काळ्या किंवा सरळ पांढऱ्या ठेवा आणि जाळी फक्त भिंतींना वापरा. माझं मत विचाराल तर दुसरा मार्ग बरा, चित्र स्वच्छ दिसतं.

या यंत्राचे दोष? स्क्रीनला मागून उजेड नाही. खोलीत चांगला दिवा नसेल तर काही दिसत नाही, आणि तुम्ही रात्री बसणार म्हणता, तेव्हा टेबलाजवळ दिवा हवाच. खेळणारे लोकही स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या मानाने मूठभर. पण तुम्हाला चार लोक हवेत, आणि हे यंत्र ज्यांनी घेतलंय त्यांनी ते मुळात वेगळं काहीतरी खेळायला मिळावं म्हणूनच घेतलेलं असतं. वितरण मोकळं आहे. तुम्ही बनवलेली फाइल कुणीही स्वतःच्या खात्यातून किंवा केबलने आपल्या यंत्रावर टाकू शकतं. वेगळा डेव्हलपर किट असा प्रकारच नाही, विकत मिळतं तेच यंत्र लिहायला चालतं. इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर ठेवा, विका किंवा वाटा. पॅनिकचं स्वतःचं कॅटलॉग नावाचं दुकान २०२३ पासून यंत्रावरच आहे, पण तिथे गेम पाठवून निवड व्हावी लागते. पहिल्या गेमला त्याची घाई नको.

आता स्टीम डेक. तुमच्या मित्राचं म्हणणं अगदी बरोबर आहे, त्यावर सगळंच चालतं. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०२२ मध्ये आणलेला हा हातात धरायचा पीसी आहे. एएमडीचा चार कोअरचा प्रोसेसर, १६ गिगाबाइट रॅम, १२८० गुणिले ८०० चा रंगीत स्क्रीन, आत आर्च लिनक्सवर उभी असलेली स्टीमओएस, आणि विंडोजचे गेम प्रोटॉन या जोडसाधनाच्या मदतीने चालतात. डेस्कटॉप मोडमध्ये जाऊन कीबोर्ड जोडला की गोडोसारखं गेम बनवायचं इंजिन थेट त्यावरच चालवता येतं. सिस्टिमचा मूळ भाग फक्त वाचण्यापुरता असतो, त्यामुळे हवी ती साधनं फ्लॅटपॅकने, म्हणजे मूळ सिस्टिमपासून वेगळी राहणाऱ्या पॅकेजांतून, टाकायची. मुळात ढवळाढवळ केलीत तर पुढच्या अपडेटमध्ये ती पुसली जाते.

पण सगळंच चालतं याचा लिहिणाऱ्यासाठी अर्थ असा, की सगळंच तुम्हाला ठरवावं लागतं. दहा लाखांवर पिक्सेल, हवे तेवढे रंग. या स्क्रीनवर चौकोनी लिफ्ट आणि काड्यांची माणसं दिसली की बघणाऱ्याला ती अर्धवट वाटतात. तीच माणसं प्लेडेटवर ठसठशीत दिसतात, कारण तिथे सगळेच तसे असतात. डेकवर तुम्हाला चित्रकार शोधावा लागेल किंवा चित्रं शिकावी लागतील, आणि वर्षाचे तुमचे तास त्यात जातील. दुसरं म्हणजे डेकसाठी गेम लिहायला डेक लागतच नाही. तुमच्या संगणकावर बनवलेला विंडोज किंवा लिनक्सचा गेम त्यावर चालेल. यंत्र लागतं ते शेवटी, मजकूर वाचता येतो का आणि सगळं काही कंट्रोलरवरून होतं का हे बघायला. व्हॉल्व्हच्या तपासणीत अक्षरांची उंची पूर्ण स्क्रीनवर ९ पिक्सेलच्या खाली जाऊ नये असा दंडक आहे, आणि माउसशिवाय न चालणारा एकही मेनू चालत नाही. स्टीमवर विकायचं तर प्रत्येक गेममागे आधी शुल्क आणि बरीच कागदपत्रं. आरओजी अलाय आणि लीजन गो या तशाच हातात धरायच्या पीसींनाही हेच सगळं लागू. त्यांच्यातला आणि डेकमधला फरक खेळणाऱ्याच्या दृष्टीने मोठा आहे, लिहिणाऱ्याच्या दृष्टीने जवळजवळ नाहीच. तुम्हाला खेळायलाही यंत्र हवं असेल तर डेक जरूर घ्या, पण त्याची गणती गेम लिहिण्याच्या खर्चात धरू नका.

स्विचचं थोडक्यात. निन्टेन्डोसाठी अधिकृतपणे लिहायचं तर त्यांच्याकडे डेव्हलपर म्हणून नोंदणी, मंजुरी, गुप्ततेचा करार आणि वेगळं हार्डवेअर लागतं. दुकानातून आणलेल्या स्विचवर तुमचा स्वतःचा कोड सरळ चालत नाही, आणि तो फोडून चालवायला गेलात तर ऑनलाइन सेवेतून यंत्र कायमचं बंद होण्याचा धोका आहे. घरातली इतर माणसंही तो वापरत असतील. त्याला हात लावू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एक चौथा पर्याय सांगितल्याशिवाय राहवत नाही: १९८९ चा गेम बॉय. यंत्र विकत न घेताही त्यासाठी लिहिता येतं. जीबी स्टुडिओ फुकट आहे, त्यात कोडशिवायही गेम बनतो, आणि सी येत असेल तर जीबीडीके हे साधन आहे. तयार झालेला गेम ब्राउझरमध्ये चालतो, फोनवरच्या एम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या ॲपमध्ये) चालतो, ॲनालॉग पॉकेट या हँडहेल्डवर चालतो, आणि लिनक्सवर चालणारी जी लहान लहान रेट्रो यंत्रं मिळतात त्या सगळ्यांवर चालतो. चार लोकांनी खेळावं एवढाच निकष असता तर मी डोळे मिटून हेच सांगितलं असतं. तुमच्या गेमला मात्र एक नेमकी अडचण आहे. गेम बॉयला एका आडव्या ओळीत दहाच स्प्राइट, म्हणजे हलवता येणारी छोटी चित्रं, दाखवता येतात, प्रत्येक आठ पिक्सेल रुंद. तुमचा माणूस १६ पिक्सेल रुंद धरला तर त्याला दोन लागतात. म्हणजे एका मजल्यावर पाच माणसं झाली की सहावा दिसेनासा होतो, आणि गर्दीच तर तुमच्या गेमचा जीव आहे. थांबलेली माणसं पार्श्वभूमीच्या टाइल्समध्ये काढून आणि फक्त चालणाऱ्यांना स्प्राइट देऊन हे सोडवता येतं, गेम बॉयवाले असंच करतात. पण पहिल्याच गेमला ही कसरत कशाला? प्लेडेटवर जमलेला गेम नंतर इथे आणायचा असेल तर आणा, तोवर कुठे काय कापायचं ते तुम्हाला कळलेलं असेल.

तर सुरुवात कशी करायची. एसडीके टाकलात की चित्रांच्या वाटेला जाऊच नका. लिफ्ट म्हणजे एक काळा चौकोन. प्रवासी म्हणजे एक वर्तुळ, आणि वर्तुळात त्याला जायच्या मजल्याचा आकडा. चित्र येत नाही म्हणून ही तात्पुरती सोय असं समजू नका, खेळणाऱ्याला नेमकी तीच माहिती हवी असते, आणि मला वाटतं शेवटच्या गेममध्येही हे आकडे राहतील. प्रवासी चिडला हे दाखवायला वर्तुळ दर फ्रेमला एक पिक्सेल डावी-उजवीकडे थरथरवा. एका ओळीचं काम आहे आणि तोंड काढण्यापेक्षा लवकर कळतं. आवाज एकच, मजल्यावर पोचल्याची घंटी. तयार ध्वनिफाइल नको, एसडीकेमधल्या सिंथनेच, म्हणजे आवाज तयार करणाऱ्या भागाने, ती वाजवा. सिम्युलेटरला गेमपॅड जोडता येतो, त्याची काठी गोल फिरवून दांडीचा थोडाफार अंदाज येतो.

एवढं झालं की घरातल्या किंवा ऑफिसातल्या कुणाला तरी समोर बसवा आणि काहीही समजावू नका. पहिला डाव संपल्यावर त्यांनी तुमच्याकडे न बघता दुसरा सुरू केला, तर त्याच दिवशी प्लेडेट मागवा. नाही केला, तर गर्दी वाढण्याचा वेग आणि लिफ्टचा वेग हे दोनच आकडे बदलून पाहा आणि दुसऱ्या कुणाला तरी बसवा.